उलाळ गाडीचा येडू

येडूच्या आधीची दोन पोरं पाळण्यातच गेली, म्हणून तिसऱ्याला कुणाची दृष्ट लागू नये असं नाव आईनं ठेवलं. दृष्ट लागली नाही, पण नाव चिकटलं. नवा माणूस भेटला की नाव विचारी, हा सांगे, "येडू." आणि समोरचा म्हणे, "ते दिसतंयच, पर नाव काय?" नातेपुत्याच्या येडू लवट्यानं आयुष्याची चाळीस वर्षं अशी काढली आणि एकदाही कुणावर चिडला नाही. चिडायला त्याला सवड नव्हती. तो गाडीवान होता, आणि आमच्या माळशिरस तालुक्यात उसाची गाडी भरावी तर त्यानंच, अशी ख्याती होती.

गाडी भरणं ही विद्या आहे, पण ती पुस्तकात नाही. बैलगाडीला दोन चाकं आणि मध्ये एक आख. आखाच्या मागं माल जास्त झाला की गाडी उलाळ होते. जू वर उचलतं, बैलांच्या गळ्याला फास बसतो आणि चढाला गाडी मागं कलंडते. पुढं माल जास्त झाला की ती धुरजड होते, सगळं ओझं बैलांच्या मानेवर येतं आणि उताराला बैल गुडघ्यावर बसतात. या दोहोंच्या मध्ये एक जागा असते, वीतभर रुंद. ती जागा येडूच्या तळहाताला कळत असे. गाडी भरून झाली की तो जुवाखाली हात घाली, जरासं उचलून बघे, डोळे मिटे आणि म्हणे, "मागल्या दोन मोळ्या म्होरं घ्या." लोक घेत. मग गाडी अशी चाले, जशी भरल्या घरची सून पाण्याची घागर घेऊन चालते.

गावात वच्छलाबाई डॉक्टरीण होत्या. आमच्या भागातल्या पहिल्या बाई डॉक्टर. वाड्यावस्त्यांवर बाळंतपणाला त्या येडूच्याच गाडीतून जात. चौऱ्याहत्तर साली सोलापुरातल्या एका गिरणीचे इंजिनियर निवृत्त होऊन गावी निघाले, तेव्हा बाईंनी त्यांची जुनी परदेशी मोटार घेतली आणि येडूला म्हणाल्या, "येडूमामा, तुम्हीच शिका चालवायला. मला दुसऱ्याच्या हातावर विश्वास नाही."

या एका वाक्यासाठी येडूनं बैल विकले. तीन महिने शिकला. लायसनच्या परीक्षेला सोलापूरला गेला तेव्हा साहेबानं "थांबव" म्हटल्यावर त्यानं ब्रेक तर दाबलाच, पण तोंडानंही "हो, हो, हो" केलं. साहेबानं विचारलं, "कुणाला सांगतोस?" येडू म्हणाला, "सवय हाय साहेब. पर थांबली का न्हाय?" थांबली होती. लायसन मिळालं.

मोटार गावात आली त्या दिवशी चावडीपुढं जत्रा जमली. मोटार बुटकी, गोल, पाठ फुगलेली. बघता बघता तिचं नाव ढब्बी पडलं. लोकांनी नाकाडावरचं झाकण उघडलं. आत एक जादा चाक, पेट्रोलची टाकी आणि बाकी सगळी पोकळी.

"इंजिन न्हाय की हितं," एक म्हातारा म्हणाला. "सोलापूरवाल्यानं बाईला फशिवलं. नुसतं टरफल दिलंया."

"मग आली कशी हितवर?" दुसऱ्यानं विचारलं.

"सोलापूर उंचावर आसंल."

येडू शांतपणे मागं गेला आणि मागचं झाकण उघडलं. सगळे वाकून बघायला लागले. म्हातारा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "आरं बाबा, ह्येचं काळीज ढुंगणात हाय."

पहिले चार महिने बरे गेले. मग पिराच्या वळणावरचा प्रकार घडला.

बाईंचे थोरले भाऊ आप्पा माळशिरसला राहत. खताचं दुकान, मोठं गोदाम, आणि देह असा की खुर्चीत बसले तर खुर्चीला घाम यावा. आईवडिलांमागं त्यांनीच बहिणीला वाढवलं, डॉक्टर केलं. त्यामुळं बाई गावाला दरडावत, पण आप्पांचा शब्द ओलांडत नसत. त्या दिवशी माळशिरसहून नातेपुत्याला येताना आप्पा मांडीवर काकवीचा तांब्या घेऊन ढब्बीत बसले होते. गुऱ्हाळावरची ताजी काकवी, बहिणीसाठी. त्यांना घाई होती.

"येड्या, जरा हाण की. बैल बसलाय व्हय आत?"

येडूनं हाणली. वळण जवळ आलं, तो वळला आणि वळता वळता त्याला वेग फार वाटला. त्यानं पाय काढला आणि ब्रेक दाबला. त्याच क्षणी ढब्बीची शेपूट आपल्या मनानं निघाली. मागचा भाग पुढं, पुढचा मागं. अर्धी गिरकी घेऊन मोटार बांधाला टेकली तेव्हा तिचं तोंड परत माळशिरसकडं होतं. कुणाला खरचटलंही नाही. फक्त काकवी तांब्यातून निघून आप्पांच्या टोपीपासून धोतरापर्यंत सावकाश उतरत होती.

घरी पोचेपर्यंत आप्पांना मुंग्या लागल्या. दोन घंगाळं पाणी ओतल्यावर ते बोलले. "वच्छी, ही गाडी न्हवं, गोफण हाय. आन् ह्यो येड्या, ह्यो गाडीवानच बरा व्हता. पुढल्या सोमवारी मी एक थोरली मोटार आणतोय, संगं सोलापूरचा ड्रायव्हर. ढब्बीला माळशिरसला गिऱ्हाईक बघितलंय. येडू माझ्या गोदामावर ऱ्हाईल, दारात काठी घिऊन. उपाशी न्हाय ठिवत मी त्याला."

बाईंनी त्यांच्या हातात पंचा दिला. येडू अंगणात उभा होता, त्यानं सगळं ऐकलं. गोदामाच्या दारात काठी घेऊन बसणं म्हणजे काय, ते ज्यानं आयुष्यभर कासरा हातात धरला त्यालाच कळेल. बैल गेले होते. आता हातातलं चाकही जाणार होतं.

तो घरी आला, जेवला नाही. सकाळ झाली तसा ढब्बीच्या समोर उकिडवा बसला. तिला पुढून बघितलं, मागून बघितलं. मग गाडीवानाच्या सवयीनं त्यानं एक गोष्ट केली. पुढच्या लोखंडी पट्टीखाली तळहात घातला आणि डोळे मिटून उचलून बघितलं. ढब्बीचं नाक चटकन वर आलं. मग मागं गेला आणि तसंच उचललं. तिकडं ती जागची हलेना. येडूला हसायला आलं. तो जो हसत सुटला तो थांबेना.

त्याची बायको सोनाबाई भाकरी थापायची सोडून दारात आली. "मोटारीला हसताय व्हय? आता खरं नावाला जागलात."

"सोने, ही उलाळ हाय," येडू म्हणाला. "सगळं वजन मागं. वळणात मी पाय काढला, तसा मागल्या चाकांचा धर सुटला का न्हाय, आन् मागलं वजन सुटलं मोकळं. उलाळ गाडी वळणात दुसरं काय करनार? मी मोटार मोटार म्हनत बसलो. गाडीच हाय की ही."

"मग आता काय करनार?"

"म्होरं माल भरनार."

त्यानं घरातलं अर्धं पोतं ज्वारी उचललं आणि ढब्बीच्या नाकात ठेवलं. पिराच्या वळणावर गेला. एकदा सावकाश, एकदा जरा जोरात, एकदा त्याहून जोरात. आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. दम धरायचा तो वळणाच्या आधी. एकदा वळणात शिरलं की पाय हलवायचा नाही, घाबरायचं ते वळण संपल्यावर. बैलांचंही असंच असतं, मध्येच कासरा ओढला तर बिचकतात. सातव्या खेपेला ढब्बी वळण अशी उतरली की बांधावरचा सरडासुद्धा हलला नाही.

फक्त ज्वारीचं जमलं नाही. पोतं पेट्रोलच्या टाकीला खेटून होतं. दोन दिवस येडूच्या घरात भाकरीला पेट्रोलचा वास येत राहिला. सोनाबाई ताट पुढं सारून म्हणाली, "खावा. पर जेवल्यावर ईडी पेटवू नगा." तिसऱ्या दिवशी येडूनं ज्वारी काढली आणि तिचं जातं उचललं, खालची तळी आणि वरची तळी दोन्ही. यावर घरात जे बोलणं झालं ते मी शेजारी राहत असून इथं लिहीत नाही.

येडूनं बाईंना बसवून पिराच्या वळणावरून तीनदा नेलं. बाई म्हणाल्या, "मामा, मला पटलं. पण दादांनी गिऱ्हाईकाला शब्द दिलाय, आणि मी दादांना कसं सांगू?"

"बाई, त्यास्नी घिऊन एकदा वळनावरनं—"

"त्यांचं धोतर अजून चिकट आहे, मामा."

सोमवारी सकाळी थोरली मोटार आली. लांब नाकाची, काळी, चकचकीत. चालवणारा बसवराज अक्कलकोटकडचा. पांढरा गणवेश, डोक्याला तेल, सोलापुरात मोठमोठ्या माणसांच्या गाड्या चालवलेला. माणूस मात्र गुणी. त्यानं येडूला नमस्कार केला, तंबाखूची डबी पुढं केली आणि ढब्बीभोवती एक फेरी मारली.

"अण्णा, राग मानू नका," बसवराज म्हणाला. "इंजिन मागं, हे बरोबर न्हाई बघा. तुम्ही गाडीवान. सांगा, बैल गाडीच्या पुढं बांधतात का मागं?"

"म्होरं."

"हां. मग इंजिन पुढं पाहिजे का नको?"

येडूनं तंबाखू मळली. घाई त्याला कधीच नव्हती. "बसवराज, तुज्या मोटारीचं इंजिन म्होरं. आन् फिरतंय कंचं चाक?"

"मागचं. खालून लोखंडी दांडा जातो की मागपर्यंत."

"म्हंजी बैल म्होरं बांधल्यात, पर ते वढत न्हाईत. नुसते बसल्यात. आन् गाडी मागनं ढकलायची. ढकलनाऱ्याच्या अंगावर मात्र कायबी वजन न्हाई. त्याचं पाय सटाकलं की मग?"

बसवराज म्हणाला, "डांबरी रस्त्यावर सटकत न्हाईत."

"डांबरीवर माजी म्हातारी आईबी सटकत न्हवती," येडू म्हणाला. "तुजी गाडी धुरजड हाय, माजी उलाळ. दोन्हीला आपापलं दुखनं. माज्या दुखन्यावर मी जातं ठिवलंय. तुज्या दुखन्यावर काय ठिवलंयस?"

बसवराजनं आयुष्यात असा प्रश्न ऐकला नव्हता. तो कानडीत "हौदु, हौदु", म्हणजे होय होय, करत थोरल्या मोटारीच्या मागच्या चाकांकडं बघत राहिला.

दुपारी निघायचं ठरलं. पुढं थोरली मोटार, तिच्यात आप्पा आणि बाई. मागं येडू एकटा, ढब्बी घेऊन, माळशिरसला गिऱ्हाईकाच्या ताब्यात द्यायला. सोनाबाई दारात आली नाही. हस्ताचा पाऊस तीन दिवस पडून त्या दिवशी उघडला होता. रानं काळी झाली होती, ओली, तुकतुकीत, नुकत्या न्हालेल्या म्हशीसारखी. आमची काळी माती सुकली तर दगड आणि भिजली तर लोणी. तिच्यात पाय घातला तर चप्पल तिची होते.

अर्ध्या वाटेवर जोतीराम नावाचा एक माणूस सायकल आडवी टाकून उभा होता. त्याची बायको अंबुबाई सकाळपासून अडली होती. वस्ती डांबरीपासून मैलभर आत. "बाई, मूल आडवं हाय म्हनत्यात," तो म्हणाला, आणि आत जाणाऱ्या गाडीवाटेकडं बोट केलं.

"घे आत," आप्पा बसवराजला म्हणाले. "मोटार हाय का खेळनं?"

थोरली मोटार गाडीवाटेला लागली. दोनशे पावलं गेली असेल. मग तिचं नाक हळूहळू खाली आलं आणि मागची चाकं जागेवर भिरभिरायला लागली. बसवराजनं जोर दिला तसा चाकांनी आपल्यासाठी खड्डा खणला आणि त्यात आरामात बसली. मागचा चिखल कारंज्यासारखा उडत होता.

येडू डांबरीलाच थांबला होता. त्यानं काय केलं ते जोतीरामनं मला पुढं दहा वेळा सांगितलं. तो उतरला, नाकातल्या जात्याच्या दोन्ही तळ्या काढल्या आणि मागच्या बाकापुढं पायाशी ठेवल्या. चिखलातून धावत जाऊन बाईंची पेटी घेतली. "बाई, चला. तुमी मागं बसा. जोतीराम, तूबी मागं. म्होरं कुनी बसायचं न्हाय."

"मामा, तुम्ही तर म्हणाला होता वजन पुढं पाहिजे," बाई म्हणाल्या.

"ते वळनाला. चिखलाला मागं. आज उलाळच बरी."

वाट अडलेली होती. त्यानं ढब्बी बाजूच्या काढलेल्या बाजरीच्या रानात घातली. धसकटांवर चाकाला जरा धर मिळत होता. दुसऱ्या गिअरात, एका सुरात, ना जास्त ना कमी. इंजिनाचं, दोन माणसांचं आणि जात्याचं सगळं ओझं मागच्या चाकांवर, आणि फिरणारी चाकंही तीच. ती माती दाबत, धरत, दाबत, धरत चालली. येडू तोंडानं बैलांना चुचकारावं तसं तिला चुचकारत होता. अडकलेल्या थोरल्या मोटारीजवळून जाताना आप्पांनी हात केला. येडूनं मान हलवली, पण पाय उचलला नाही. पाय उचलला असता तर तिथं दोन मोटारी बसल्या असत्या.

अंबुबाई सुटली. मुलगी झाली. अर्ध्या तासाचा उशीर झाला असता तर दोघींतली एकही हाती लागली नसती, असं बाईंनी नंतर सांगितलं. जोतीरामनं बाईंच्या पायाला हात लावला आणि मग ढब्बीच्या मागच्या चाकालाही लावला.

दोन तासांनी परत आले तर थोरली मोटार तिथंच. आप्पा मागून ढकलत होते. टोपीपासून धोतरापर्यंत चिखलानं माखले होते, पण या खेपेला मुंग्या तरी नव्हत्या.

येडू उतरला. त्याला हसता आलं असतं. तो हसला नाही. मोटारीच्या मागं गेला, डिकी उघडली आणि बसवराजला म्हणाला, "ढकलनाऱ्याच्या अंगावर वजन पायजे."

"हौदु अण्णा. पर वजन कुटलं आणायचं?"

येडूनं जात्याच्या तळ्या आणून डिकीत ठेवल्या. दाबून बघितलं, मान हलवली. "पुरं पडत न्हाई." मग त्यानं आप्पांकडं बघितलं. खालपासून वरपर्यंत, मापात घ्यावं तसं.

बसवराजनंही बघितलं. बाईंनीही बघितलं.

"काय बघताय?" आप्पा म्हणाले.

"आप्पा, रागावू नगा," येडू म्हणाला. "तुमी ढकलायचं न्हाय. तुमी बसायचं."

"कुटं?"

येडूनं डिकीकडं बोट दाखवलं.

आप्पांनी बहिणीकडं बघितलं. "वच्छी, ह्यो मला डिकीत बसवतोय."

"दादा, अंधार पडायच्या आत निघू," बाई म्हणाल्या. त्यांनी तोंडाला पदर लावला होता.

आप्पा चढले. मोटार मागून एवढी खचली की बसवराजनं देवाचा धावा करावा तसं वर बघितलं. आप्पा पाय बाहेर सोडून, दोन्ही हातांनी कडा धरून, जात्यावर बसले. येडूनं चाकाखाली बाजरीची धसकटं उपटून घातली. "बसवराज, सावकाश उचल. भिरभिरली की सोड. चालू लागली की थांबू नगंस, काय झालं तरी."

चाकानं एकदा झटका खाल्ला, दुसऱ्यांदा धरलं आणि थोरली मोटार खड्ड्यातून बाहेर आली. बसवराज आज्ञाधारक माणूस. येडूनं थांबू नको म्हटलं होतं, तो थांबला नाही. आप्पा मागं तोंड करून "आरं थांब, थांब" म्हणत डांबरीपर्यंत गेले. वस्तीवरच्या बाया दुरून बघत होत्या. एकीनं नवरदेव समजून ओवाळल्यासारखा हात केला.

डांबरीवर दोन्ही मोटारी उभ्या राहिल्या. उजव्या हाताला माळशिरस, गिऱ्हाईक वाट बघत बसलेलं. डाव्या हाताला नातेपुते. येडू ढब्बीच्या स्टिअरिंगशी बसला होता, बाई त्याच्या मागं. त्यानं इंजिन चालू ठेवलं आणि विचारलं, "बाई, कुनीकडं?"

बाईंनी उतरून आप्पांना हात दिला. आप्पा डिकीतून खाली आले. एका कानातला चिखल त्यांनी बोटानं काढला, मग दुसऱ्या कानातला.

"दादा, गिऱ्हाईकाचं काय करायचं?"

आप्पांनी बोट धोतराला पुसलं. मग म्हणाले, "मला काय इचारतीस? शब्द दिला तवा मी डिकीत बसलो न्हवतो. गाडीवानाला इचार."

येडूनं ऐकलं. बाई परत मागं बसल्यावर त्यानं नेहमीच्या संथपणानं आरशात बघितलं, मागं कुणी येत नाही याची खात्री केली, आणि ढब्बी डावीकडं वळवली.

थोरल्या मोटारीत आप्पा पुढच्या बाकावर बसले आणि डोळे मिटले. त्यांचं घर माळशिरसला. थोड्या वेळानं डोळे उघडून बघतात तर मोटार नातेपुत्याच्या दिशेनं चाललेली.

"आरं बसवराज, कुटं निघालास?"

"म्होरली गाडी जाईल तिकडं, साहेब," बसवराज म्हणाला.